साउदॅम्प्टनहून ऑस्बोर्न हाउस: सासू-सासऱ्यांना घेऊन एका दिवसात होईल का?

गंगापूररोडची_सून

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. माझे धाकटे दीर-जाऊ साउदॅम्प्टनला असतात. यंदा जूनमध्ये मी, मिस्टर आणि सासू-सासरे असे चौघं तीन आठवडे तिकडे चाललोय. सासरे म्हणजे आमचे अण्णा, वय ७२, पिंपळगाव बसवंतजवळ द्राक्षबाग आहे आणि सगळं आयुष्य त्या बागेतच गेलंय. एप्रिलची खरड छाटणी झाली, शेंडे खुडून नवी फूट घ्यायचं, म्हणजे सबकेनचं काम उरकलं, आता चुलत दिरांवर बाग सोपवून कसेबसे यायला तयार झालेत, तेही "पाऊस सुरू झाला की वेलावर डाऊनी रोग येईल, मला तीन आठवड्यांच्या वर एक दिवस ठेवू नका" या अटीवर.

लंडनचं नेहमीचं सगळं दीर दाखवणारच आहेत, त्याची काळजी नाही. माझ्या मनात मात्र आयल ऑफ वाइट बेटावरचं ऑस्बोर्न हाउस आहे, व्हिक्टोरिया राणीचं समुद्राकडे बघणारं घर. कॉलेजात इतिहास होता माझा, तेव्हापासून तिथला दरबार हॉल डोक्यात बसलाय. पण घरात विषय काढला तर अण्णा म्हणाले, म्हैसूरचा राजवाडा बघितला, आता गोऱ्यांच्या राणीच्या खोल्या काय बघायच्या, पलंग नि खुर्च्याच ना. आणि खरं सांगायचं तर त्यांचंही चूक नाही, माझ्या एकटीच्या हौशीसाठी चौघांचा दिवस घालवायचा का हा प्रश्न मलाही पडलाय.

तर कुणी गेलं असेल तर सांगा, साउदॅम्प्टनहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येतं का, सासूबाईंचे गुडघे दुखतात, सपाटीवर हळूहळू चालतात पण जिने नको वाटतात, तर त्यांना कितपत जमेल, आणि मुख्य म्हणजे अण्णांना रस वाटेल असं तिथे काही आहे का. जेवण आम्ही बरोबर घेऊ, दोघंही पूर्ण शाकाहारी आहेत आणि आईंना अंडंही चालत नाही.

सोलंटकाठचा_नाशिककर

ताई, बिनधास्त जा. मी मूळचा नाशिकरोडचा, आठ वर्षं पोर्ट्समथला होतो, ऑस्बोर्नला पाच वेळा तरी गेलो असेन कारण नाशिकहून जो कोणी पाहुणा आला त्याला घेऊन जायचोच.

आधी जाण्याचं. साउदॅम्प्टनहून ईस्ट काउजला गाड्या नेणारी मोठी फेरी सुटते, साधारण तासाभराचा प्रवास, आणि ईस्ट काउजला उतरलं की ऑस्बोर्न अगदी जवळ, दोनेक किलोमीटर. दिरांची गाडी फेरीत चढवून न्या, आईंसाठी तेच सोयीचं. दुसरी एक जलद बोट आहे ती अर्ध्या तासाच्या आत पोचवते पण ती वेस्ट काउजला लागते, म्हणजे नदीच्या अलीकडच्या काठाला, मग साखळीवर ओढली जाणारी छोटी फेरी पकडून पलीकडे जायचं, पुढे बस, हे सगळं आईंना कशाला. सकाळी लवकरची फेरी घ्या, दारं उघडताना पोचा, संध्याकाळी आरामात परत. जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड असतो त्यामुळे अंधाराची घाई नाही.

आता घराचं. अण्णांना सांगा की हा राजवाडा नाही, हे घर आहे, आणि हाच त्याचा मोठा फरक. राणीला लंडनचा राजवाडा, विंडसर वगैरे होतंच पण तिथे सगळा सरकारी थाट, तिला नि प्रिन्स अल्बर्टला मुलांना घेऊन निवांत राहायला स्वतःची जागा हवी होती म्हणून १८४५ मध्ये ही इस्टेट स्वतःच्या खासगी पैशातून घेतली. जुनं घर लहान पडायला लागलं, ते पाडून अल्बर्टने थॉमस क्युबिट नावाच्या लंडनच्या बांधकाम कंत्राटदाराला हाताशी धरून नवं बांधलं, मोठा नामवंत आर्किटेक्ट वगैरे आणला नाही. १८५१ पर्यंत मुख्य काम झालं. अल्बर्टला तिथला समुद्र बघून इटलीतल्या नेपल्सच्या खाडीची आठवण यायची म्हणून घर इटालियन पद्धतीचं, दोन उंच मनोरे, खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या गच्च्या, त्यात कारंजी आणि फुलांचे वाफे. गच्चीवर उभं राहिलं की समोर हिरवळ, मग झाडी, मग सरळ समुद्र आणि त्यात जाणारी जहाजं.

आतमध्ये खालचा मजला आईंना जमेल. बिलियर्डची खोली आणि दिवाणखाना यांची रचना मुद्दाम बघा, दोन्ही मिळून इंग्रजी एल अक्षरासारखी एकच खोली आहे, मध्ये खांब. राणी उभी असली की दरबारी मंडळींना बसता यायचं नाही ना, तर कोपऱ्याआड बिलियर्डच्या बाजूला गेलं की खोली तीच पण राणीच्या नजरेआड, मग बसायची मोकळीक. वर राणीची बसायची खोली आहे, तिथे नवरा-बायकोची दोन टेबलं शेजारी-शेजारी लावलेली आहेत, दोघं एकत्र बसून कागद बघायचे. मुलांची खोली त्याच्या वरच्या मजल्यावर. आणि जिथे २२ जानेवारी १९०१ ला राणी गेली ती झोपायची खोली, ती पुढे अर्धशतकभर घरच्यांशिवाय कुणाला उघडी नव्हती, १९५४ पासून लोकांना बघायला मिळते. अल्बर्ट १८६१ मध्ये गेला, त्यानंतर चाळीस वर्षं ही बाई विधवा म्हणून जगली आणि त्याच्या खोलीतलं सामान तिने होतं तसंच ठेवायला लावलं. त्या खोल्यांमधून जाताना मला दर वेळी बोलावंसं वाटायचं नाही.

जिन्याबद्दल तिथे दारातच विचारा, मदत करणारी माणसं जागोजागी असतात, वयस्कर लोकांना फार आदराने वागवतात.

पण ताई माझा खरा सल्ला वेगळाच आहे. निम्म्याहून जास्त वेळ बाहेर ठेवा. सगळे लोक तीन तास घरात घालवतात आणि मग थकून स्विस कॉटेजला जातच नाहीत, ती चूक करू नका. स्विस कॉटेज घरापासून साधारण किलोमीटरभर लांब, झाडीतून वाट आहे, आईंसाठी छोटी गाडी मिळते का ते तिकिटाच्या खिडकीवरच विचारून ठेवा. तिथे काय आहे ते अण्णांना आधी सांगू नका, त्यांना स्वतःला बघू द्या.

द्राक्षबाग_निफाड

राम राम ताई. पिंपळगावचे म्हणजे आपलेच. मी मागच्या साली पोरीकडं गेलो होतो, ती लंडनच्या अलीकडं राहते, ऑस्बोर्नला गेलो नाही पण अण्णांसाठी एक जागा सांगतो, ती चुकवू नका. हॅम्प्टन कोर्ट म्हणून राजवाडा आहे थेम्स नदीच्या काठाला, लंडनहून रेल्वेनं सरळ जाता येतं. राजवाडा आपल्या जागी, मोठाच आहे, पण तिथं एका काचघरात द्राक्षाचा एक वेल आहे. एकच वेल. १७६८ साली लावलेला, म्हणजे आपल्याकडं माधवराव पेशवे होते तेव्हाचा, आणि अजून दर वर्षी माल देतो. काळी द्राक्षं, ब्लॅक हॅम्बर्ग म्हणतात. दोन-तीनशे किलो निघतात एका वेलावर आणि ऑगस्टच्या शेवटाला, सप्टेंबरात तिथल्याच दुकानात विकतात.

मी तिथं तासभर उभा होतो. पोरगी म्हणाली बाबा चला ना, राजाची खोली बघायची राहिली, म्हटलं तू जाऊन ये. आपल्याकडं बाग पंधरा-वीस वर्षांची झाली की काढून टाकायची भाषा सुरू होते, खोडं पोकळ पडतात, माल बारीक येतो, आणि हा अडीचशे वर्षांचा गडी तारांवर हात पसरून बसलाय. वरचे ओलांडे, म्हणजे तारांवरच्या आडव्या फांद्या, आत काचेखाली आणि मुळं बाहेरच्या जमिनीत, ती जमीन मोकळी ठेवलीय, तिच्यावर दुसरं काही लावत नाहीत, सगळं खत-पाणी त्या एकट्याचं. तिथं थंडीत वेल आपोआप पानं गाळून झोपतो म्हणून त्यांची छाटणी एकदाच. आपल्याकडं त्याला झोप मिळत नाही म्हणून एप्रिलला काडीसाठी छाटा आणि ऑक्टोबरला घडासाठी छाटा, माल एकदाच. मला वाटतं आयुष्यात फरक त्या झोपेचाच असेल, पण हा माझा विचार, कुणा शास्त्रज्ञाचा नाही. अण्णांना विचारा त्यांना काय वाटतं ते, आणि इथं लिहा.

जुनी_तांबट_आळी

ताई तुम्ही दरबार हॉलचं लिहिलंत म्हणून राहवलं नाही. मी शाळेत इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे, २०१६ मध्ये मुलाकडे गेलो तेव्हा फक्त त्या एका दालनासाठी ऑस्बोर्नला गेलो होतो.

राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणवायची पण हिंदुस्थानात कधी आलीच नाही. तर उतारवयात, १८९०-९१ मध्ये, तिने घराला एक नवा भाग जोडला आणि त्यात हा दरबार हॉल केला. काम केलं लाहोरच्या मेयो कलाशाळेतल्या भाई राम सिंग यांनी. सुतारकामातून वर आलेला शीख माणूस. शाळेचे मुख्य लॉकवुड किपलिंग यांची देखरेख होती पण हात राम सिंगांचा. भिंती, छत, सगळं पांढरंशुभ्र नक्षीकाम, आणि गंमत अशी की दगड किंवा संगमरवर वाटतं ते प्लास्टर आणि कागदाच्या लगद्याचं आहे. शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. खाली आग्र्याचा गालिचा. मी घराण्याने तांबट, लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून हंड्यावर ठोके कसे एकसारखे पडतात ते बघितलंय, म्हणून मला त्या नक्षीत एका माणसाचा हात दिसत होता, एकाच मापाची पानं शेकड्यांनी आणि तरी कुठे कंटाळा आलेला दिसत नाही.

पण हॉलपेक्षाही त्याच्याकडे जाणारा कॉरिडॉर सावकाश बघा. रुडॉल्फ स्वोबोदा नावाच्या ऑस्ट्रियन चित्रकाराला राणीने हिंदुस्थानात पाठवलं होतं, साध्या माणसांची चित्रं काढून आण म्हणून, १८८६ ते ८८ तो इकडे फिरला. त्याच्या आधी लंडनच्या १८८६ च्या प्रदर्शनात आग्र्याच्या तुरुंगात हस्तकला शिकलेले कारागीर नेले होते, त्यांचीही चित्रं त्याने काढली. ती सगळी त्या कॉरिडॉरमध्ये लागलेली आहेत. बहुतेक चित्रं वीत-दीड वीत उंचीची, लांबून नुसते ठिपके वाटतात. जवळ जा. बक्षीराम म्हणून एक म्हातारा कुंभार आहे, तेव्हा त्याचं वय शंभराच्या वर सांगितलं जायचं, त्याच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या बघा. राजे-महाराजांची चित्रं जगात पुष्कळ आहेत, पण त्या काळातल्या कुंभाराचा, विणकराचा, शिपायाचा चेहरा नावासकट कुठे बघायला मिळतो? तिथेच पंजाबच्या महाराजा दुलीपसिंगांचंही पूर्ण उंचीचं चित्र आहे. राज्य गेलं तेव्हा दहा वर्षांचे होते, कोहिनूर गेला, मग इंग्लंडला नेलं आणि १८५४ मध्ये राणीच्या घरी पाहुणे म्हणून याच ऑस्बोर्नला आले. ते चित्र बघताना मात्र जीव तुटतो.

आणि मुन्शी अब्दुल करीम. आग्र्याचा तरुण, १८८७ मध्ये नोकरीला आला आणि राणीला हिंदुस्तानी शिकवू लागला, म्हातारपणी ती रोज वहीत उर्दू गिरवायची. ती गेल्यावर नव्या राजाने मुन्शीकडची पत्रं जाळायला लावली आणि त्याला परत पाठवून दिलं.

देवळाली_कॅम्प

मला एक प्रामाणिक प्रश्न पडतो, कुणाला दुखवायचं नाहीये. १ जानेवारी १८७७ ला दिल्लीत दरबार भरवून राणीला सम्राज्ञी जाहीर केलं तेव्हा दख्खनमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती. आपल्याच पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीतली. मग तिच्या घराचं तिकीट काढून कारंजी बघायला जायचं आणि तिकडे आपला जव्हारचा राजवाडा, सरकारवाडा बघायला कुणाला वेळ नाही, हे मला पटत नाही. त्र्यंबक-मोखाड्यावरून जव्हार ऐंशी किलोमीटरच्या आसपास. मुकणे राजांचा जयविलास बघितलाय का इथल्या कितीजणांनी?

जुनी_तांबट_आळी

देवळालीकर, दुष्काळाचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि ते मी वर लिहायला हवं होतं. जव्हारबद्दलही बरोबर. मी शाळेच्या सहली जव्हारला नेल्यात, पावसाळ्यानंतर तिथली टेकडी आणि तो गुलाबी दगडाचा वाडा किती देखणा दिसतो ते मुलं अजून भेटली की सांगतात.

पण मी ऑस्बोर्नला गेलो ते राणीसाठी नाही, राम सिंग आणि बक्षीराम यांच्यासाठी गेलो. ती आपली माणसं आहेत, आणि त्यांचं काम, त्यांचे चेहरे तिथे आहेत, इथे नाहीत. त्यांना बघायला आपल्याकडून कुणी गेलंच नाही तर ती तिथल्या लोकांसाठी नुसती सजावट होऊन राहतील. आणि तिथे उभं राहून मुलांना १८७७ चं सांगता येतं, मी सुनेला आणि नातीला सांगितलं, त्याच कॉरिडॉरमध्ये.

मखमलाबाद_नर्सरी

उशिरा वाचलं, पण झाडांचं एक सांगते कारण आमची नर्सरी आहे आणि हा विषय माझ्या आवडीचा. ऑस्बोर्नच्या गच्चीच्या भिंतीपाशी मर्टल नावाचं झुडूप आहे ते नक्की बघा. अल्बर्टच्या आजीने जर्मनीतून दिलेल्या मर्टलपासून १८४५ मध्ये लावलेलं, आणि राणीच्या थोरल्या मुलीच्या लग्नापासून, म्हणजे १८५८ पासून, त्यांच्या घराण्यात नवरीच्या हातातल्या फुलांत या झाडाची एक डहाळी घालायची पद्धत पडली, ती अजून चालू आहे. मर्टल म्हणजे आपल्या जांभूळ आणि पेरूच्याच कुळातलं. पान चुरगाळलं की लक्षात येतं, पण तिथलं तोडू नका, खाली पडलेलं मिळालं तर बघा.

दुसरं म्हणजे भिंतीने वेढलेली बाग, ती राणीच्या आधीपासूनची आहे. जुनं घर पाडलं तेव्हा त्याच्या दाराचं दगडी काम काढून या बागेला दार म्हणून बसवलंय. आत विटांच्या भिंतीला तारा ताणून त्यावर फळझाडं पंख्यासारखी सपाट वाढवतात, दिवसभर वीट तापते आणि ती ऊब रात्री झाडाला मिळते. अण्णांना तारा नि ओलांडे म्हटलं की काही समजवावं लागणार नाही.

गंगापूररोडची_सून

मंडळी, परत आलो, महिना होऊन गेला, पण तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत की सविस्तर सांगितल्याशिवाय चैन पडेना.

ठरल्याप्रमाणे दिरांची गाडी फेरीत घालून गेलो. आई फेरीच्या खिडकीशी बसून होत्या, म्हणाल्या गोदावरीच्या पुराएवढं पाणी सगळीकडे आणि कुणी ओरडत नाही. अण्णा गप्प होते. घरात शिरतानाही गप्प, पायात नवे बूट टोचत होते तेही कारण असेल. दिवाणखाना, जेवणघर, सगळं हात मागे बांधून बघत होते. बाळांच्या हातापायांचे संगमरवरी नमुने काचेखाली ठेवलेत, राणीने स्वतःच्या बाळांचे करून घेतलेले, तिथे आई थांबल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. का ते आम्हा सगळ्यांना माहितीये, मिस्टरांच्या आधी त्यांचं एक बाळ गेलंय. मी त्यांचा हात धरला आणि पुढे गेलो, वरच्या मजल्यावर मग त्या आल्याच नाहीत, खाली बाकावर बसल्या, तिथल्या एका बाईंनी स्वतःहून येऊन पाणी हवंय का विचारलं.

कॉरिडॉरमध्ये सरांनी सांगितल्याप्रमाणे जवळ गेलो. बक्षीराम सापडले. अण्णांनी चष्मा वर करून, नाक लावून बघितलं आणि म्हणाले हा तर आपल्या ओझरच्या बाजारात बसायचा तो म्हातारा कुंभार. मग एकेक चित्र तसंच बघत गेले, हा शिपाई असणार, या पोराच्या डोळ्यात झोप आहे, असं प्रत्येकाचं काहीतरी. दरबार हॉलमध्ये माझं सगळं स्वप्न होतं, तो मोर, ते छत, मी मान वर करकरून बघितलं, डोळे भरून आले माझे. आणि सर, देवळालीकरांचं वाक्यही तिथे आठवलं. मी दिरांच्या मुलाला, तो अकरा वर्षांचा आहे आणि तिथल्या शाळेत जातो, दुष्काळाचं सांगितलं. तो म्हणाला आम्हाला हे शिकवलं नाही. घरी जाऊन त्याने वडिलांबरोबर बसून वाचलं.

दुपारी हिरवळीवर बसून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लोणचं खाल्लं. मग गच्चीवर मर्टल शोधलं. खाली एक वाळकं पान पडलेलं होतं, अण्णांनी बोटात चुरगाळून वास घेतला, मला दिला, आणि म्हणाले पेरू. मी त्यांना काही सांगितलेलं नव्हतं!

भिंतीच्या बागेत तर अण्णा मार्गदर्शकच झाले. तारांमधलं अंतर वितीने मोजलं, गाठ कशी मारलीय ते बघितलं, भिंतीला तळहात लावून बघितला, गरम होती. तिथे काम करणारी एक मुलगी होती, पंचविशीची असेल, अण्णांनी तिला मराठीत आणि खुणांनी विचारलं की ही फांदी का ठेवली, तिने इंग्रजीत सांगितलं, मध्ये दीर, पण पाच मिनिटांनी दिरांची गरजच उरली नाही. तिने कात्री काढून दाखवली, यांनी बोटांची कात्री करून दाखवली, डोळा इथे, काप इथे, तिरका.

आणि स्विस कॉटेज. सोलंटकाठदादा, तुम्ही आधी सांगू नका म्हणालात ते फार बरं केलंत. लाकडी घर आहे, राणीच्या मुलांसाठी बांधलेलं, १८५४ चं, आत मुलांच्या उंचीचा ओटा नि चूल, राजकन्या तिथे स्वयंपाक शिकायच्या आणि आईबापांना खायला घालायच्या. बाहेर वाफे. नऊ मुलं होती, नऊ जणांचे सारख्याच आकाराचे वाफे, भाजी, फळं, फुलं. आणि बाजूच्या छोट्या शेडमध्ये त्या मुलांच्या एकचाकी हातगाड्या ठेवल्यात, एवढ्याएवढ्याशा, प्रत्येकीवर त्या त्या मुलाची आद्याक्षरं रंगवलेली. आपापली हत्यारं, आपापली गाडी. मुलांनी पिकवलेली भाजी माळी तपासायचा, चांगली आहे असं लिहून द्यायचा आणि मग अल्बर्ट बाजारभावाने ती मुलांकडून विकत घ्यायचा.

हे दिरांनी वाचून दाखवलं तेव्हा अण्णा म्हणाले परत सांग. परत सांगितलं. बाजारभावाने? हो, बाजारभावाने. मग ते त्या गाड्यांसमोर वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, एकेकीचं चाक बघत राहिले. चाकाला लोखंडी पट्टी, दांडे हाताने घासून गुळगुळीत. आम्ही सगळे समुद्राकडे उतरलो, राणीची पाण्यात उतरायची चाकांवरची लाकडी खोली आहे तिथे, ती बघून परत आलो तरी अण्णा तिथेच, शेडजवळच्या बाकावर आईंच्या शेजारी. काय बोलत होते विचारलं तर आई म्हणाल्या, हे म्हणतायत माझ्या बापाने मला कधी एक रुपया दिला नाही, बागेत राबलो तो घरचा म्हणून, आणि मीही पोरांना दिला नाही.

मिस्टर आणि दीर दोघंही तिथे उभे होते. कुणी काही बोललं नाही. दिरांनी अण्णांचे बूट सोडून दिले आणि सैल करून परत बांधले.

द्राक्षबागवाले दादा, हॅम्प्टन कोर्टलाही गेलो, वेलाला तेव्हा हिरवे कच्चे घड होते. तुमच्या झोपेच्या मुद्द्यावर अण्णा म्हणाले की माणूस बरोबर बोलतोय, पण त्याला विचार की एवढी वर्षं एकाच जागी मुळं, मुळांना लागणाऱ्या निमॅटोडचं, त्या सूत्रकृमींचं काय करतात? मला यातलं काही कळत नाही, तुम्हीच सांगा.

द्राक्षबाग_निफाड

ताई, प्रश्न लाखाचा आहे, मला उत्तर येत नाही. अण्णांचा नंबर इथं टाकू नका, पण एवढं सांगा की ऑक्टोबर छाटणीच्या आधी मी पिंपळगावला मार्केटला येतो, तेव्हा बागेवर येऊन भेटेन. आणि पोरांच्या वाफ्यांचं पुढं काय झालं? अण्णा गप्प बसणारे वाटत नाहीत.

गंगापूररोडची_सून

या नक्की, पत्ता मेसेजमध्ये पाठवते. गप्प नाहीच बसले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेततळ्याच्या बाजूला चार वाफे आखले, माझी दोन आणि चुलत दिरांची दोन अशा चार पोरांचे, सुताराकडून नावाच्या पाट्या करून लावल्या. पावसाने एका वाफ्यातली कोथिंबीर सडली, मेथी मात्र आली. परवा धाकट्याने चौदा जुड्या बांधून आणल्या. अण्णांनी आधी त्यातल्या दोन पिवळ्या पानांच्या म्हणून बाजूला काढल्या, मग मार्केटला फोन लावून त्या दिवशीचा भाव विचारला आणि बारा जुड्यांचे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. आईंनी त्या दोन पिवळ्या जुड्या उचलल्या आणि रात्री त्याचीच भाजी केली.

सोलंटकाठचा_नाशिककर

ताई, स्विस कॉटेजच्या हातगाड्यांचा फोटो असेल तर टाका. माझ्या सगळ्या फोटोंत समुद्रच आहे.

गंगापूररोडची_सून

आहे एक, अण्णा वाकून बघतायत तो, पण त्यात त्यांची पाठच दिसते. रात्री टाकते.